आपत्तीत वाटून घेणे : दया की कर्तव्य?

संकट आले की आपण प्रथम स्वतःच्या घरातील धान्य मोजतो. ते स्वाभाविक आहे. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण तेथे थांबत नाही. सम्राट क्लौद्य याच्या काळातील दुष्काळाची चाहूल लागताच अंत्युखियातील शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत जमवून बर्णबा व शौल यांच्या हस्ते यहूदीयातील बंधूंना पाठविली (प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०).

इ. स. ३६८-६९ च्या सुमारास कैसरियात दुष्काळ पडला. तेव्हा धर्मगुरू असलेल्या संत बेसिल यांनी धनिकांना कोठारे उघडावयास लावली व भुकेल्यांना स्वहस्ते अन्न वाढले. साठविलेली भाकर भुकेल्याच्या हक्काची आहे, अशी त्यांची शिकवण होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली स्पष्ट केले, की पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे आणि केवळ उरलेसुरले देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

मग आपल्या मुलाबाळांचे काय? संत पौल आपल्यावर ओझे लादत नाही. तो समानता मागतो (२ करिंथ ८:१३-१४). आज आपल्या विपुलतेने शेजाऱ्याची उणीव भरावी, उद्या त्याच्या विपुलतेने आपली. तो शेजारी कोणत्या धर्माचा, हे प्रभूने विचारलेले नाही. म्हणून पूर ओसरण्याची वाट न पाहता, शेजारच्या घरी चूल पेटली का, हे आपणच विचारू या.