अंगणात पांढरे लॅव्हेंडर



लॅव्हेंडर म्हटले की जांभळी फुले डोळ्यांपुढे येतात. पण त्यात पांढऱ्या जातीही आहेत. 'नाना अल्बा' ठेंगणी, फूटभर उंचीची. 'एडलवाइस' संकरित, तिच्याहून बरीच उंच. 'स्नोमॅन'च्या कणसाच्या माथ्यावर पांढरा तुरा असतो. पहिल्या दोघींना चुनखडी मानवते. 'स्नोमॅन'ला चुना सोसत नाही, म्हणून जत, आटपाडी, माणकडच्या चुनखडीच्या मातीत ती लावू नये.

पुष्कळांना वाटतं, हे थंड हवेचं झाड, तेव्हा महाबळेश्वरला हमखास येणार. पण तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! लॅव्हेंडर उन्हापेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने लवकर मरते. कृष्णाकाठच्या काळ्या रानातही तोच धोका. जम्मू भागात भदरवाहला तेलासाठी त्याची शेती होते, पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. ते ऐकून ऊस मोडून एकरभर रोपे लावण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे हे कुंडीतले झाड.

कुंडी मातीचीच घ्यावी, बुडाला भोक मोठे असावे. निम्मी माती, निम्मी भरड वाळू किंवा बारीक खडी आणि मूठभर कुजलेले शेणखत पुरे. युरिया घालाल तर पाला माजेल, फूल येणार नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप लावावे. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली हवी. मृगाच्या आधी कुंडी ओसरीत घ्यावी, मात्र पागोळीखाली नको आणि कोंदट कोपऱ्यातही नको.

पांढरे फूल सुकले की तपकिरी पडून मळकट दिसते, म्हणून बहर ओसरताच कणसे कापावीत. सोबत वरचा हिरवा शेंडा थोडा छाटावा. खालच्या जून लाकडाला कात्री लावू नये, तिथून सहसा फूट येत नाही.

बियांपासून केलेले रोप पांढरेच फुलेल याची खात्री नसते, आणि 'एडलवाइस'ला तर बीच धरत नाही. म्हणून रोपवाटिकेत छाटापासून केलेले रोप मागा, जमल्यास फुलावर आलेले पाहूनच घ्या. पुढची रोपे घरीच होतात: फूल नसलेल्या कोवळ्या फांदीचा चार बोटे छाट घ्यावा, खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचावा आणि मुळे धरेपर्यंत सावलीत ठेवावा.