प्रभातचे वाटेकरी

प्रभात फिल्म कंपनीने चित्रपट काढले ते १९२९ ते १९५३ या काळात. त्यातली पहिली चार वर्षं कोल्हापुरात गेली. म्हणजे पुण्यात, तेव्हा गावाबाहेर असलेल्या एरंडवण्यात उभारलेला स्टुडिओ कंपनीने वापरला तो जेमतेम वीस वर्षं. त्यानंतरची सत्तर वर्षं ती वास्तू कंपनीशिवाय उभी आहे. प्रभातवर मराठीत भरपूर आणि प्रेमाने लिहिलं गेलं आहे. बापू वाटव्यांच्या पुस्तकाचं नावच ‘एक होती प्रभातनगरी’. पण बहुतेक लेखन तुतारी फुंकणाऱ्या त्या स्त्रीच्या बोधचिन्हापाशी सुरू होतं आणि स्टुडिओला कुलूप लागलं की थांबतं. मला ओढ आहे ती कुलपानंतरच्या हकिगतीची. कंपनी मिटली तेव्हा काय काय उरलं होतं, ते कोणाच्या वाट्याला गेलं आणि त्या वाटेकऱ्यांनी त्याचं काय केलं?

मी विश्रांतवाडीचा रहिवासी. आषाढी वारीत माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे आमच्याच रस्त्याने पुण्यात येते. दर्शनाला उभ्या राहणाऱ्या जुन्या माणसांशी बोललं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्यांच्या मनातल्या तुकोबांना विष्णुपंत पागनिसांचा चेहरा आहे, १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधला. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग तर लोकांनी तुकोबांच्याच नावावर जमा करून टाकला. एका चित्रसंस्थेचं काम लोकांच्या श्रद्धेत इतकं मिसळून गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि त्याच संस्थेची मालमत्ता पुढे तीन वाटांनी गेली. जागा एकीकडे, चित्रपट दुसरीकडे, थिएटर तिसरीकडे.

सुरुवातीची गोष्ट माहितीची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू केली. कसब चौघांचं, भांडवल पाचव्याचं. ‘गोपालकृष्ण’ हा पहिला मूकपट, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला बोलपट. १९३३ मध्ये मंडळींनी बिऱ्हाड पुण्याला हलवलं आणि नव्या जागेत तयार झालेलं ‘अमृतमंथन’ १९३४ साली पडद्यावर आलं.

त्या जागेत एका छपराखाली चित्रपटाचं सगळं होत असे. सेट उभारायला अवाढव्य स्टेज, फिल्म धुवायला स्वतःची प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या, कपडेपट, सुतारकाम, रंगकाम आणि पाण्यातल्या दृश्यांसाठी खास बांधलेलं तळं. दामलेमामा यंत्र आणि ध्वनी पाहत, साहेबमामा फत्तेलाल नेपथ्य पाहत. नट असो की सुतार, सगळे महिन्याच्या पगारावर. त्या शिस्तीला दुसरी बाजूही होती. शांता आपटे यांच्यासारखी लोकप्रिय नायिका १९३९ मध्ये करारावरच्या वादातून थेट स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसली होती. तरीही ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘शेजारी’ हे पाच वर्षांच्या आत एकाच आवारातून बाहेर पडतात, ही गोष्ट पगारपत्रकावरच्या त्या पक्क्या, रोज एकत्र राबणाऱ्या ताफ्याशिवाय शक्य नव्हती. ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, त्यामागेही हाच ताफा होता.

हा ताफा फुटायला लागला आणि प्रभातची मालकी आतूनच बदलत गेली. धायबर आधीच बाहेर पडले होते. वितरणाची बाजू जाणणारे बाबूराव पै भागीदार झाले. १९४२ मध्ये शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारलं. प्रभातच्या ऱ्हासाचं सगळं खापर या एका घटनेवर फोडायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. शांताराम गेल्यानंतरही १९४४ साली गजानन जागीरदारांचा ‘रामशास्त्री’ याच स्टुडिओतून आला, आणि तो प्रभातच्या कुठल्याही चित्रपटाच्या पंक्तीला बसेल असा होता. खरा घाव वेगळ्या बाजूने आला. महायुद्धात कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळू लागली, खर्च वाढले आणि युद्धकाळातला काळा पैसा मुंबईच्या चित्रव्यवसायात शिरला. नट एका चित्रपटाचे जे पैसे मागू लागले, ते महिन्याच्या पगारावर चालणारी संस्था देऊ शकत नव्हती. बॉम्बे टॉकीज आणि कलकत्त्याचं न्यू थिएटर्स याच लाटेत, प्रभातच्या थोडंफार मागेपुढे, संपले.

५ जुलै १९४५ रोजी दामलेमामा गेले. त्यानंतरची सात-आठ वर्षं म्हणजे प्रभात सावरण्याचा पहिला प्रयत्न, आणि त्याची नोंद आपण फार कंजूषपणे घेतो. ‘हम एक हैं’ (१९४६) हा देव आनंदचा पहिला चित्रपट प्रभातचा. त्याच चित्रपटाचं नृत्यदिग्दर्शन करणारा तरुण गुरू दत्तही प्रभातच्या नोकरीत होता. या दोघांची मैत्री पुण्यात, याच आवारात जुळली. मधुबालाचा ‘अपराधी’ आणि हंसा वाडकरांचा ‘संत जनाबाई’ दोन्ही १९४९ चे. हिंदीतली नवी माणसं आणायची, संतपटाची जुनी वाटही सोडायची नाही, अशी ती दुहेरी धडपड होती. ती फळली नाही. १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. साहेबमामा फत्तेलाल १९६४ पर्यंत होते. आपल्या हातांनी घडवलेल्या आवारात दुसऱ्या कोणाची पाटी लागलेली त्यांना पाहावी लागली.

ती पाटी सरकारची होती. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था हवी, असं सुचवलं होतं. प्रभात शेवटचे श्वास घेत होती तेव्हाचाच हा अहवाल. पुढे १९६० साली केंद्राच्या माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाने फिल्म इन्स्टिट्यूट काढायचं ठरवलं आणि जागा निवडली ती प्रभातची. स्टेज, प्रयोगशाळा, तळं सगळं तयारच होतं. संस्थेच्या पहिल्या प्रमुखाचं नाव गजानन जागीरदार. ज्या आवारात त्यांनी रामशास्त्री उभा केला, तिथेच ते विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. त्यांचा कार्यकाळ लहान होता, पण या नेमणुकीने एक सांधा जुळला. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचा विभाग दिल्लीहून पुण्याला आला. त्याच दशकात संस्थेला आजचं नाव मिळालं, फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, म्हणजेच एफटीआयआय.

प्रभातच्या पुनरुज्जीवनाचे जेवढे म्हणून प्रयत्न झाले, त्यांत हा सर्वांत यशस्वी ठरला असं मी मानतो. प्रभातचं नाव तो पुढे चालवत नव्हता, तरीही. मोठ्या स्टेजवर सेट लागत राहिले, दिवे तापत राहिले, रात्री-बेरात्री संकलनाच्या खोल्यांत माणसं जागत राहिली. ऋत्विक घटक १९६० च्या दशकात इथे उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, अदूर गोपालकृष्णन, जया भादुरी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी इथे शिकले. दामले-फत्तेलालांच्या सिनेमाशी यांतल्या कित्येकांच्या सिनेमाचं काहीच नातं नाही आणि असायचं कारणही नाही. पण ध्वनिरोधक स्टेजचा उपयोग तिथे ‘कॅमेरा’ म्हणून हाक देण्यासाठी होत राहिला, गोदाम म्हणून किंवा लग्नाच्या हॉलसाठी झाला नाही. या आवाराने संप पाहिले, २०१५ सालचा १३९ दिवसांचा संप तर देशभर गाजला. २०२५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भांडत, अडखळत का होईना, काम चालू आहे.

चित्रपटांचं नशीब इतकं सरळ नव्हतं. कंपनी मिटल्यावर त्यांचे हक्कही कंपनीच्या माणसांकडे राहिले नाहीत. ते परत मिळवले विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी, आणि माझ्या लेखी या सबंध हकिगतीतला हा सर्वांत निश्चयी माणूस. स्टुडिओ परत घेण्याची गोष्ट त्यांच्या आवाक्यातली नव्हती, पण जो सिनेमा वडिलांच्या हातचा होता तो दुसऱ्याच्या गोदामात पडू द्यायचा नाही, हे त्यांनी ठरवलं. नव्या प्रती निघाल्या, चित्रपट पुन्हा थिएटरांत लागले, पुढे दूरदर्शनवर आले. माझ्या पिढीने प्रभात पाहिली ती अशी. मुंबई दूरदर्शनवर ‘संत तुकाराम’ लागला की वाड्यातल्या ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्याकडे सगळ्यांनी जमायचं. दामले कुटुंबाने हे काम पुढच्या पिढीतही सोडलं नाही. ‘कुंकू’तली नीरा किंवा ‘शेजारी’तले जिवबा आणि मिर्झा आजच्या तरुणाला पाहायला मिळतात ते या घराच्या चिकाटीमुळे.

एक मोठा घाव मात्र सरकारी छपराखालीच बसला. प्रभातच्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती जपायला थंडावा लागतो, कोरडेपणा लागतो आणि सततची तपासणी लागते, कारण जुनी होताना ती कुजते आणि स्वतःहूनही पेट घेऊ शकते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी देशभर वणवण करून रिळं गोळा केली. त्यांतल्या नायट्रेट फिल्मचा साठा एफटीआयआयच्या आवारातल्या जुन्या कोठारात होता. ८ जानेवारी २००३ रोजी तिथे आग लागली. त्या आगीत प्रभातच्या मूळ निगेटिव्हजही गेल्या. ज्या आवारात त्या फिल्म धुतल्या गेल्या, तिथेच त्या जळाव्यात, याचं मला आजही वाईट वाटतं आणि रागही येतो. नायट्रेट कसं वागतं हे संस्थेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवलं जात असणार. आज आपण पाहतो त्या प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. मूळ निगेटिव्हमधला उजेड-सावलीचा बारकावा त्यांत पूर्ण उतरत नाही आणि आता कितीही पैसे खर्च केले तरी तो परत मिळणार नाही. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, म्हणजे या वाट्याचा धनीही पुन्हा बदलला.

थिएटरचं थोडक्यात. अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात टॉकीज किबे यांच्या जागेत भाडेपट्ट्यावर होतं. कित्येक दशकं मराठी चित्रपटाचं ते पुण्यातलं हक्काचं घर. पट्टा संपला, २०१४ च्या अखेरीस ते मूळ मालकांकडे गेलं आणि पुढे किबे लक्ष्मी या नावाने सुरू झालं. पडदा चालू राहिला यात समाधान आहे.

कोल्हापूरशी ताडून पाहिलं तर पुण्याचं नशीब किती चांगलं ते कळतं. प्रभात गाव सोडून गेल्यावर राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली आणि तिचाच पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ झाला. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत १९४८ मध्ये तो जाळला गेला. भालजींनी कर्ज काढून पुन्हा उभारला आणि त्या कर्जापायीच तो त्यांच्या हातून गेला. लता मंगेशकरांनी तो घेतला आणि भालजी तिथे काम करत राहिले. ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ ही त्याच काळातली, त्यांना संगीतही लताबाईंचंच, आनंदघन या नावाने. १९९४ मध्ये भालजी गेले आणि मग तिथे रोज उठून काम करणारं कोणी उरलं नाही. वारसा यादी, न्यायालय, पुन्हा न्यायालय. २०२२ च्या फेब्रुवारीत, लताबाईंच्या निधनानंतर काही दिवसांतच, जागेची विक्री आधीच झाल्याचं उघड झालं आणि कोल्हापूरचे कलावंत, तंत्रज्ञ रस्त्यावर उपोषणाला बसले. रंकाळ्याकाठच्या शालिनी सिनेटोनचं तर त्याआधीच होत्याचं नव्हतं झालं होतं. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ च्या आगीनंतर दोन वर्षांत बांधकाम कंपनीकडे गेला. लंडनचा ईलिंग स्टुडिओ १९५५ साली बीबीसीने घेतला, पुढे काही काळ तो तिथल्या राष्ट्रीय चित्रपटशाळेकडे होता आणि तो आजही चित्रीकरणासाठी वापरात आहे. यादीत नाव घालून कुठलाच स्टुडिओ वाचलेला नाही. जिथे चित्रीकरण चालू राहिलं, तिथे भिंती टिकल्या.

म्हणून एफटीआयआयकडे माझं मागणं आहे, आणि ते पुणेकर म्हणून हक्काने करतो. आवारात प्रभातचं छोटं संग्रहालय आहे. तिथे जुनी यंत्रं आहेत, कपडे आहेत, छायाचित्रं आहेत. ते शाळकरी मुलांना ठरलेल्या दिवशी, कोणाची ओळख न काढता पाहता यायला हवं. १ जूनला, कंपनीच्या स्थापनेच्या दिवशी, त्या मोठ्या स्टेजवर प्रभातचा एक चित्रपट दरवर्षी सगळ्यांसाठी लावावा. दामले कुटुंब, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि संस्था या तिघांकडे जे जे विखुरलेलं आहे, त्याची एक एकत्रित सूची व्हावी. कुठली प्रत कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, कोणत्या प्रतीवरून काय काढलं, हे सगळं तिच्यात हवं. हे तिघेही याच शहरात राहतात. त्यांना एका टेबलाशी बसवायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.