सीलबंद बाटलीला परवाना, सुट्या जारचे काय?

धाराशिव : टंचाईग्रस्त धाराशिव जिल्ह्यात लग्नसमारंभ, दुकाने व कार्यालयांत थंड पाण्याचे जार सर्रास दिसतात. मात्र, या पाण्याच्या शुद्धतेवर कायद्याचे पुरेसे नियंत्रण नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार बाटलीबंद पिण्याचे पाणी ‘अन्न’ ठरते. त्यामुळे उत्पादकास परवाना बंधनकारक असून, अन्न व औषध प्रशासन नमुने तपासू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘आयएसआय’ चिन्हाची सक्ती रद्द झाली. नोव्हेंबरमध्ये हे पाणी अतिजोखमीच्या गटात जाऊन वार्षिक तपासणी आली. सील नसलेला जार मात्र या चौकटीबाहेरच राहतो. ग्राहकांनी सील, १४ अंकी परवाना क्रमांक व उत्पादनाची तारीख पाहूनच पाणी घ्यावे. थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे.