‘क्युअर’चे गोत्र

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी “या वेळी रोगांवर नको, जरा वेगळे काही लिहा,” असे बजावले होते. तेव्हा ज्या एका शब्दावर आम्हां डॉक्टरांचा सारा व्यवसाय उभा आहे, त्या ‘क्युअर’ या शब्दाचीच आपल्याला ओळख करून द्यावी असे मी ठरवले. मी भाषातज्ज्ञ नव्हे. परंतु शब्दकोश चाळण्याची सवय जुनी आहे, आणि या शब्दाने मला जे शिकवले ते सांगण्याजोगे आहे असे वाटते.

‘क्युअर’चे मूळ लॅटिनमधील ‘कूरा’ या नामात आहे. कूरा म्हणजे काळजी. मराठीतील ‘काळजी’ या शब्दात चिंता आणि देखभाल अशा दोन्ही छटा आहेत. तशाच त्या ‘कूरा’तही होत्या. तिच्यावरून ‘कूरारे’ हे क्रियापद झाले. शेताची, घराची, त्याचप्रमाणे रोग्याची निगा राखणे असा त्याचा अर्थ. निगा राखल्यावर रोग हटलाच पाहिजे, अशी अट त्या अर्थात मुळात नव्हती. बरे करणे यासाठी ‘सानारे’ हे निराळे क्रियापद होते. ‘सॅनेटोरियम’ हा आपल्या परिचयाचा शब्द त्या घराण्यातला.

इंग्रजीत ‘क्युअर’ आला तो फ्रेंचच्या वाटेने. आरंभी त्याचा संबंध औषधापेक्षा धर्माशी अधिक होता. धर्मगुरूने आपल्या हद्दीतील माणसांच्या आत्म्याची वाहायची काळजी, ती ‘क्युअर’. चर्चमधील साहाय्यक धर्मगुरूला ‘क्युरेट’ म्हणतात ते त्यामुळेच. आणि वेतन मिळते पण ही जबाबदारी नाही, असे पद ते ‘सिनेक्युअर’, म्हणजे ‘कूरा’विना. आपल्या शस्त्रक्रियागृहातील ‘क्युरेट’ हे उपकरण याच गोत्रातले, पण दुसऱ्या शाखेतले. फ्रेंचमध्ये ‘कूरारे’ला साफ करणे, खरवडून काढणे असा अर्थ चिकटला आणि त्यातून या उपकरणाचे नाव निघाले.

या गोत्राचा विस्तार पाहू लागलो की गंमत वाटते. ‘ॲक्युरेट’ म्हणजे मुळात काळजीपूर्वक केलेले. प्रयोगशाळेचा अहवाल ‘ॲक्युरेट’ हवा असे आपण म्हणतो तेव्हा यंत्राइतकीच तंत्रज्ञाच्या दक्षतेची मागणी करत असतो. ‘सिक्युअर’मधील ‘से’ हा उपसर्ग वेगळेपणा दाखवतो. काळजीपासून दूर, म्हणजे निश्चिंत. हाच शब्द फ्रेंचमध्ये झिजून ‘शुअर’ झाला आणि त्यातूनच ‘इन्शुरन्स’ जन्माला आला. विम्याचे कागद भरताना डॉक्टर आणि रोगी या दोघांचीही काळजी वाढते, ही गोष्ट निराळी!

‘क्युरेटर’ म्हटले की आज वस्तुसंग्रहालय आठवते. परंतु प्राचीन रोममध्ये हे मोठ्या जबाबदारीचे शासकीय पद होते. इसवी सन 97 मध्ये फ्रॉन्टिनस याची नेमणूक रोमच्या पाणीपुरवठ्याचा ‘कूरातोर’ म्हणून झाली आणि त्याने नगराच्या जलवाहिन्यांवर ग्रंथही लिहिला. नगराला पाणी पुरवणे हीदेखील ‘कूरा’च, हे सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्यांना निश्चितच पटेल.

दोन तोतयांपासून मात्र सावध राहावे लागते. पहिला ‘केअर’. ‘क्युअर’ आणि ‘केअर’ ही सख्खी भावंडे आहेत असे मी अनेक वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात ‘केअर’ हा जुन्या इंग्रजीतील, जर्मानिक कुळातला शब्द. त्याचा मूळ अर्थ दुःख, चिंता. दुसरा तोतया भूलतज्ज्ञांच्या परिचयाचा आहे. ‘क्युरारे’ या विषाची रोमन अक्षरे लॅटिन ‘कूरारे’शी तंतोतंत जुळतात, पण हा शब्द दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या भाषेतून आला. त्यांच्या बाणांना लावण्याचे हे विष 1942 मध्ये माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले आणि भूलशास्त्राचे स्वरूप बदलले.

या गोत्रातला मला सर्वांत आवडलेला शब्द ‘क्युरिअस’. मुळात काळजी घेणारा, बारकाईने पाहणारा, पुढे जिज्ञासू. येथे आपल्या भाषेची आठवण होते. इंदुरात दवाखान्याच्या हिंदी पाटीवर ‘चिकित्सक’ म्हणजे डॉक्टर; घरी मराठीत कोणाला ‘फार चिकित्सक आहे’ म्हटले तर तो खोलात जाऊन प्रश्न विचारणारा. पाणिनीच्या व्याकरणात ‘चिकित्सा’ हा शब्द ‘कित्’ धातूपासून साधला आहे. जाणून घेणे आणि उपचार करणे हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना उपचार आणि जिज्ञासा एकाच धातूत ठेवावीशी वाटली, यास काय म्हणावे?

आता एक कबुली. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात माझ्याकडे एक वृद्ध गृहस्थ उपचार घेत होते. कर्करोग सर्वत्र पसरला होता. “आता करण्यासारखे काही उरले नाही,” असे मी त्यांच्या मुलाला सांगितले आणि नकळत त्यांच्या घरी जाणे कमी केले. जाऊन सांगायचे तरी काय, असा प्रश्न पडे. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा ते क्षीण आवाजात म्हणाले, “डॉक्टर, औषध नसेना का, तुम्ही येत जा.” त्यानंतर मी जात राहिलो. नाडी पाही, वेदनाशामकाची मात्रा जुळवी. उरलेला वेळ ते बोलत आणि मी ऐके. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

‘क्युअर’ शक्य नाही असे मी त्या मुलाला सांगितले, ते आजच्या अर्थाने खरे होते. शब्दाच्या मूळ अर्थाने मात्र ते साफ चूक होते. हायजिनस या रोमन लेखकाच्या नावावर असलेल्या कथासंग्रहात एक कथा आहे. नदीकाठच्या मातीतून ‘कूरा’ने माणूस घडवला, ज्युपिटरने त्यात प्राण घातला, आणि त्याला नाव कोणाचे द्यावे असा वाद उभा राहिला. सॅटर्नने निवाडा दिला की मृत्यूनंतर प्राण ज्युपिटरने घ्यावा, देह धरणीने घ्यावा. परंतु जोवर माणूस जिवंत आहे, तोवर तो ‘कूरा’चा.

नव्याने या व्यवसायात येणाऱ्या आपल्या तरुण मित्रांना ही कथा ठाऊक असावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.