उंदीर पाळावा काय?

मराठी माणसाचे उंदराशी असलेले नाते मोठे विसंगत आहे. भाद्रपदात गणपतीच्या पायाशी मूषक बसलेला नसेल तर मूर्ती अपुरी वाटते. आणि त्याच घराच्या माळ्यावर रात्री खुडबुड ऐकू आली की सापळ्याला भाकरीचा तुकडा लावला जातो. एकाच प्राण्याला एका खोलीत नमस्कार आणि दुसऱ्या खोलीत विष, हा व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या विनातक्रार करीत आलो आहोत. त्यात आता तिसऱ्या नात्याची भर पडू पाहत आहे. युरोप-अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे रूढ असलेला पाळीव उंदीर आपल्याकडील मोठ्या शहरांतील हौशी मुलांच्या पिंजऱ्यांतही दिसू लागला आहे. ही हौस उद्या बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी पोचली आणि मुलाने ‘मला उंदीर पाळू द्या’ असा हट्ट धरला, तर वडिलांनी काय उत्तर द्यावे?

प्रश्न वरवर पाहता पोरकट आहे. परंतु बीड जिल्ह्यात तो पोरकट राहत नाही, याचे कारण १९९४ साल. त्या वर्षी ऑगस्टच्या प्रारंभी या जिल्ह्यातील मामला या गावात पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी झाल्या. घरांतून उंदीर मरून पडू लागले. महिना सरता सरता ताप आणि जांघेत वा काखेत गाठी आलेले रुग्ण पुढे आले, आणि जो रोग देशातून गेला असे १९६६ नंतर सर्वजण धरून चालले होते, त्या प्लेगचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे मरू लागली आणि लक्षावधी लोकांनी ते शहर सोडले. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या नाहीशा झाल्या. काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबविली. मामल्याचा आणि सुरतेचा संबंध होता की नव्हता, किंबहुना हा रोग प्लेगच होता काय, यावर तज्ज्ञांत कडाक्याचे वाद झाले. अखेर डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. ज्या जिल्ह्याने हे दिवस पाहिले, तेथील वडिलांच्या मनात ‘उंदीर’ या शब्दाबरोबर भीती उभी राहिली तर त्यांना दोष देता येणार नाही.

मात्र ती भीती योग्य ठिकाणी आहे की नाही, हे तपासून पाहिलेच पाहिजे. अस्थानी भीतीने किती अनर्थ होतो, याचा अनुभव महाराष्ट्राने १८९६-९७ च्या प्लेगात घेतला आहे. मुंबईत आणि मागोमाग पुण्यात रोग पसरला तेव्हा तो कसा पसरतो, हे कोणासच ठाऊक नव्हते. पुण्यात गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, सामानसुमान बाहेर फेकले गेले, माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेण्यात आले. त्या जाचाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी केलेल्या रँडच्या वधात झाली, हे सर्वविदित आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्याआधी जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. एवढे सारे घडले, तरी खरा वाहक कोण हे त्या वेळी उमगले नव्हते.

ते कोडे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने सोडविले. त्याने प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर एका बरणीत ठेवला आणि त्याच्या वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होण्यासारखा नव्हता. पिसूची उडी मात्र तेथवर पोचत होती. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. म्हणजे रोगजंतू एका अंगातून दुसऱ्या अंगात नेणारी पिसू होती, आणि उंदीर हा माणसासारखाच तिचा बळी होता. उंदीर मरून त्याचे शरीर थंड पडले की पिसवा ते सोडून दुसरे उबदार अंग शोधतात, आणि घरात सर्वांत जवळचे उबदार अंग माणसाचे असते. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी कीटकनाशक फवारून पिसवा मारतात आणि मग उंदरांकडे वळतात. क्रम उलटा केला तर मारलेल्या उंदरांवरील पिसवा थेट माणसावर येतात. ही एक गोष्ट जरी प्रत्येक शाळेत शिकविली गेली, तरी पुष्कळ काम होईल.

आता पाळीव उंदराचे पाहू. आपल्या भाषेत ‘उंदीर’ हा एकच शब्द अनेक प्राण्यांना पुरतो. माळ्यावरचा काळसर घरउंदीर निराळा, शेतातल्या बिळांतले निराळे आणि गटारातली घूस तर सर्वस्वी निराळी. पाळीव उंदीर हा यांपैकी कोणीच नव्हे. तो ज्याला शास्त्रज्ञ तपकिरी उंदीर म्हणतात, त्याच्या वंशातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्या उंदरांत पांढरा किंवा चित्रविचित्र रंगाचा आढळला की तो त्याला मारीत नसे. त्याची पैदास करून हौशी लोकांना विकीत असे. पुढे १९०६ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या उंदरांचा प्रमाणित वंश तयार झाला आणि वैद्यकशास्त्राचा तो आधारस्तंभ बनला. आपण घेतो त्या औषधांपैकी पुष्कळशी आधी याच्या अंगावर पारखली गेली आहेत. अनेक पिढ्या माणसाच्या हातात वाढल्याने त्याचा स्वभाव निवळला आहे. रानटी उंदीर हात दिसताच चावतो; हा बाहीत शिरून झोपतो.

त्याच्या बुद्धीविषयी व भावनेविषयी अलीकडे जे समजले आहे, ते तर थक्क करणारे आहे. जाक पँक्सेप या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की गुदगुल्या केल्या असता उंदीर माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत आनंदाचे चीत्कार काढतो आणि पुन्हा गुदगुल्या व्हाव्यात म्हणून हातामागे धावतो. शिकागो विद्यापीठातील २०११ सालच्या प्रयोगात नळीत कोंडलेल्या सोबत्याला दुसऱ्या उंदराने दार उघडून सोडविले. समोर चॉकलेट ठेवले असताही अनेकांनी सोबत्याला सोडवून तो खाऊ त्याच्याबरोबर वाटून खाल्ला. टांझानियात वाढविलेल्या मगावा नावाच्या आफ्रिकी उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग व स्फोटके हुंगून शोधली; त्याला २०२० मध्ये ब्रिटनमधील एका प्राणिसेवी संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. तो जातीने निराळा असला, तरी या कुळाची योग्यता सांगण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

असा जीव घरी आणावयाचा, तर त्याच्या गरजा आधी जाणून घ्याव्या लागतील. उंदीर हा समूहात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवला तर तो खंगतो. म्हणून दोन ठेवावेत, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. नर-मादी एकत्र ठेवले तर तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर आठ-दहा पिले होतात आणि ती पिलेही पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. हे गणित हौसेच्या हाताबाहेर जाण्यास वर्षदेखील लागत नाही. पिंजरा तारेचा, हवेशीर असावा. तळ मात्र सपाट हवा, कारण नुसत्या जाळीवर राहून पायांना जखमा होतात. तळाशी कागदाच्या पट्ट्या पसराव्यात. चीड-देवदाराचा भुसा वापरू नये. त्याच्या उग्र वासाने श्वसनाचे विकार बळावतात, आणि उंदराचा मृत्यू बहुधा तेथूनच येतो. मूत्राचा वास येऊ लागण्यापूर्वी पिंजरा स्वच्छ झाला पाहिजे. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल स्राव दिसला तर ते सहसा रक्त नसते, पण प्राणी आजारी वा त्रस्त असल्याची ती खूण असते.

आहाराची चिंता आपल्या भागात पडू नये. ज्वारी, बाजरी, गहू, थोडी शिजवलेली डाळ, पालेभाजी आणि अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा एवढ्यावर तो सुखाने राहतो. तळलेले, खारट आणि गोड पदार्थ देऊ नयेत. बुरशी आलेले शेंगदाणे तर मुळीच नकोत. त्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विषारी द्रव्य बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजण्यासाठी साध्या, रंग न दिलेल्या लाकडाचे तुकडे पिंजऱ्यात ठेवावेत. उचलताना शेपटीला धरू नये. दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावे.

बीडमध्ये खरी अडचण उन्हाळ्याची आहे. उंदराला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः शेपटीवाटे बाहेर टाकतो. तीस अंशांच्या वर तो कासावीस होऊ लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या पलीकडे जातो. वाळ्याचा पडदा, पिंजऱ्यावर ओले फडके आणि सावलीची, वारा खेळती राहील अशी जागा देता येत नसेल, तर ही हौस न केलेली बरी. दुसरी अडचण उपचारांची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांवर असतो. उंदराला तपासण्यास कोण डॉक्टर तयार आहे, याची चौकशी प्राणी आणण्यापूर्वी करावी. तिसरी गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवावी : याचे आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे असते. मुलगा आठवीत असताना आणलेला उंदीर बहुधा त्याच्या दहावीपूर्वीच जाईल.

आरोग्याच्या अटींबाबत मात्र तडजोड नको. बिळातला वा सापळ्यात सापडलेला उंदीर, त्याचे पिलूसुद्धा, पाळण्यासाठी घेऊ नये. लेप्टोस्पायरोसिस आणि मूषकदंश ज्वर हे रोग उंदरांपासून माणसाला होतात. पाळीव उंदीर हाताळल्यानंतरही साबणाने हात धुतलेच पाहिजेत. पिंजऱ्यातील उरलेसुरले धान्य रात्री तसेच राहू देऊ नये, कारण त्या वासाने घरउंदीर येतील आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा पाळीव प्राण्यावर चढतील. हौस फिटली म्हणून त्याला शेतात सोडून देणे हे तर क्रौर्यच. तेथे तो दोन दिवसही तग धरणार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा गाय-बैलांप्रमाणे पिंजऱ्यातील या जिवालाही लागू आहे.

या अटी ज्या घरात पाळल्या जातील, तेथे पिंजऱ्यातल्या उंदराचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही. भय बाळगावयाचेच असेल, तर ते दुसरीकडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माणसे भीतीने घराबाहेर राहू लागली, पडक्या घरांत धान्य साठून राहिले, उंदरांना आसरा आणि अन्न दोन्ही मिळाले; दुसऱ्या वर्षी उद्भवलेल्या साथीचे हे स्पष्टीकरण अभ्यासकांनी मांडलेले आहे. रानातील काही मूषकजातींत प्लेगचे जंतू दीर्घकाळ दबा धरून राहू शकतात, हेही शास्त्राला ठाऊक आहे. मग आज आपल्या जिल्ह्यात काय दिसते? दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. मागे उरते अंधारे घर आणि त्यातील धान्याची पोती. तिकडे कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत लहान मुले जमिनीवर झोपतात. उंदराला याहून सोयीची व्यवस्था कोणती? धान्यासाठी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठ्या, बंद घरांची वेळोवेळी पाहणी, गावातील कचऱ्याची विल्हेवाट आणि उंदीर मरून पडू लागताच आरोग्यकेंद्राला कळविण्याची शिस्त, हे प्लेगवरचे खरे उपाय आहेत. त्यांना भूकंपाची वाट पाहावी लागू नये.

शिक्षकांना यात एक संधीही आहे. जो विद्यार्थी रोज सकाळी उठून पिंजऱ्यातील कागद बदलतो, पाणी भरतो, हात धुतो आणि आपल्या उंदराचा श्वास जड झाला आहे काय ते पाहतो, तो आरोग्यशास्त्राचा धडा पुस्तकाबाहेर शिकत असतो. घरातील कणगीला झाकण का हवे आणि गल्लीतला मेलेला उंदीर काठीने बाजूला सारून का भागत नाही, हे त्याला सांगण्यास फार वेळ लागणार नाही. तेव्हा मुलाने हट्ट धरलाच, तर वडिलांनी अटी समजावून सांगाव्यात आणि त्या पाळण्याची तयारी असेल तर होकार द्यावा. मात्र पिंजरा आणण्याआधी बापलेकांनी मिळून घरातील धान्याच्या पोत्यांमागे एकदा दिवा धरून पाहावे.