शास्त्रज्ञांची साक्ष, सरकारांचा निर्णय

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो; परंतु विज्ञानातील सत्य हात वर करून ठरत नाही. मग पृथ्वी किती तापली, समुद्र किती चढेल, याविषयी देशोदेशींच्या संशोधकांनी जे लिहून ठेवले आहे, त्यातून धरणे, पिके, वीज यांचे निर्णय घेणाऱ्या सरकारांनी नेमके काय उचलावे? यासाठीच जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी १९८८ साली एक आंतरसरकारी समिती स्थापन केली. ‘आयपीसीसी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते.

ही समिती स्वतः संशोधन करीत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. प्रसिद्ध झालेले संशोधन वाचावे, पारखावे आणि त्याचे सार सांगावे, एवढेच तिचे काम. २०२१ सालच्या भौतिक विज्ञानविषयक अहवालासाठी २३४ लेखकांनी १४,००० हून अधिक संदर्भांचा आधार घेतला. मसुद्यांवर ७८,००० हून अधिक अभिप्राय आले. अखेरीस धोरणकर्त्यांसाठी केलेला सारांश सरकारांच्या प्रतिनिधींसमोर ओळीओळीने संमत होतो. शब्द बदलता येतात. मूळ अहवालात आधार नसलेले विधान मात्र घालता येत नाही. ‘संभाव्य’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘अतिसंभाव्य’ म्हणजे किमान ९० टक्के, असे शब्दांचे मापही ठरलेले आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. त्याचे उत्तर हिमालयाकडे आहे. २००७ सालच्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे एक विधान होते. त्याच वर्षी या समितीला शांततेच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा मान मिळाला. पुढे ज्येष्ठ भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चालेख भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा हिमनद्यांवरून वाद पेटला. समितीचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्या लेखाची कठोर शब्दांत वासलात लावली. परंतु जानेवारी २०१० मध्ये समितीलाच त्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. ते तपासलेल्या शोधनिबंधावर नव्हे, तर एका संस्थेच्या अहवालावर आणि त्यामागे १९९९ सालच्या एका नियतकालिकातील मजकुरावर उभे होते. पारखण्याची पायरी तेथे चुकली होती. त्याच वर्षी विज्ञान अकादमींच्या परिषदेकडून समितीच्या कार्यपद्धतीची तपासणी झाली व नियम अधिक कडक करण्यात आले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. खोटी ठरली ती तारीख. बर्फ घटते आहे, हे नंतरच्या अहवालांनीही सांगितले. परंतु त्या एका तारखेमुळे साऱ्या शास्त्रावरच अविश्वास दाखविण्यास निमित्त मिळाले. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील शेतकऱ्याला अतिरंजित भीतीचा उपयोग नाही, आणि ‘काही होत नाही’ या दिलाशाचाही नाही. त्याच्या पाण्याची आखणी करणाऱ्यास खात्रीचे अनुमान हवे.

समिती सल्ला देते, हुकूम सोडीत नाही. मानवी कृतींमुळे पृथ्वी तापली आहे, हे निःसंशय असल्याचे तिने २०२१ साली सांगितले, आणि तो सारांश सरकारांनी ओळीओळीने मान्य केला. तेव्हा ‘आम्हांस कोणी सांगितले नाही’ असे म्हणण्याची सोय आता कोणत्याही सरकारला उरलेली नाही. वाचकांनीही वृत्तपत्रात एखादी धक्कादायक तारीख वाचली, तर ती कोणी, कशाच्या आधारे सांगितली, एवढे अवश्य पाहावे, अशी आमची विनंती आहे.