ऑनलाइन गाडी घेताना फसवणूक झाली? दाद कुठं मागायची?



मालाचे पैसे खात्यावर आले की घरात गाडीचा विषय निघतोच. कुणाला जुना ट्रॅक्टर हवा असतो, कुणाला माल न्यायला पिकअप, कुणाला पोराच्या कॉलेजसाठी मोटारसायकल. आता फोन उघडला की ढीगभर जाहिराती दिसतात. बरेच व्यवहार नीट पार पडतात. पण एखादा फसला की वर्षभराच्या पिकाचा पैसा एका दुपारी जातो. त्यात माणूस भलत्याच ठिकाणी चकरा मारत बसतो आणि वेळ हातातून निघून जाते.

म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. *पैसे कुणी घेतले, त्यावर दाद कुठं मागायची ते ठरतं.* घेणारा भामटा असतो, व्यापारी असतो, नाहीतर आपल्यासारखाच एखादा गाडीमालक असतो. तिघांसाठी तीन वेगळी दारं आहेत.

*१) भामटा: गाडी मुळात नव्हतीच*

याची पद्धत ठरलेली असते. भाव बाजारापेक्षा बराच कमी. "मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी लगेच विकायचीय," असं सांगतो. गणवेशातला फोटो, ओळखपत्र पाठवतो. आपण बघायला येतो म्हटलं की "कॅम्पात बाहेरच्याला सोडत नाहीत, गाडी घरपोच पाठवतो" म्हणतो. मग आधी वाहतुकीचे पैसे, नंतर गेटपासचे, नंतर जीएसटीचे. दर वेळी "हे परत मिळणार आहेत" असं सांगून पुढची रक्कम काढतो.

असं झालं तर त्याच मिनिटाला *१९३०* या क्रमांकावर फोन करा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि शिल्लक असलेली रक्कम तिथंच अडवता येते. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि काढून घेतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. "उद्या सकाळी तालुक्याला जाऊन बघू" म्हणालात तर उद्या त्या खात्यात काही उरलेलं नसेल.

फोन करताना जवळ ठेवा: आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक (यूटीआर), रक्कम, तारीख-वेळ, समोरच्याचा मोबाईल नंबर आणि यूपीआय आयडी. त्यानंतर लगेच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण भरा आणि पावती क्रमांक जपून ठेवा. आपल्या बँकेलाही लेखी कळवा.

बँकेबद्दल एक गैरसमज असतो. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सांगतो, की आपल्या परवानगीशिवाय तिऱ्हाईतानं खात्यातून पैसे काढले, त्यात आपली किंवा बँकेची चूक नसली आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर ते नुकसान आपल्यावर येत नाही. पण गाडीच्या व्यवहारात पिन आपणच टाकलेला असतो, म्हणून बँक हा नियम लावत नाही. त्यामुळं सगळी भिस्त बँकेवर ठेवू नका. १९३० आधी.

पोलीस ठाण्यातही जा. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. "हे आमच्या हद्दीत घडलं नाही" असं कुणी म्हणालं तर सांगा, की नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३) हद्द कुठलीही असली तरी खबर नोंदवून घेता येते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पोस्टाची पावती ठेवा.

बँकेत पैसे अडकले म्हणजे लगेच हातात आले असं नाही. ते सोडवून घ्यायला न्यायालयात अर्ज करून आदेश घ्यावा लागू शकतो. याच काळात "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असे फोन येतात. तोही भामटाच समजा.

*२) व्यापारी किंवा कंपनी: गाडी दिली नाही, उशीर केला किंवा खराब दिली*

शोरूम, जुन्या गाड्यांचा व्यापारी, ऑनलाइन बुकिंग घेणारी कंपनी, हे सगळे धंदा करणारे. इथं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या कामाचा आहे. शेतकरी स्वतःच्या शेतीसाठी, पोट भरण्यासाठी ट्रॅक्टर घेतो तेव्हा तो ग्राहकच असतो. विकत घेऊन पुन्हा विकायच्या धंद्यासाठी घेतला तर मात्र नाही.

पायऱ्या अशा:

आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. फोनवर बोलून थांबू नका, ईमेल किंवा ॲपमधली तक्रार हवी. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. कंपनीचा नंबर फोनवर शोधून लावू नका, त्यात खोटे नंबर भरपूर. बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधलाच घ्या.

दाद मिळाली नाही तर *१९१५* ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडं तक्रार पाठवून तडजोडीचा प्रयत्न करतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण काही तक्रारी इथंच मिटतात.

तरीही नाही झालं तर *जिल्हा ग्राहक आयोग.* दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण इथंच चालतं. ५ लाखांपर्यंत फी काहीच नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून *दोन वर्षे.* "पुढच्या महिन्यात देतो" ऐकत बसलात तरी ही दोन वर्षे थांबत नाहीत. कायद्यात निकालासाठी तीन महिने, गाडी तपासून घ्यायची असेल तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, तेवढी तयारी ठेवा.

*३) गाडीमालक: गाडी मिळाली, पण कागदात घोळ*

जाहिरात बघून थेट मालकाकडून गाडी घेतली. नंतर कळलं, की गाडीवर फायनान्सचा बोजा आहे, किंवा तो नाव चढवायला सहीच देत नाही. हा माणूस गाड्यांचा व्यापार करत नाही, म्हणून ग्राहक आयोगात हे प्रकरण सहसा टिकत नाही. इथं आधी लेखी नोटीस, मग दिवाणी न्यायालय. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर पोलीस तक्रार.

कोर्टाआधी तालुका विधी सेवा समितीत जा. ती तालुक्याच्या न्यायालयातच असते. दोघांना बोलावून, दावा दाखल होण्याआधी लोकअदालतीत तडजोड करता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकीलही मिळतो.

नाव चढवण्याचं लांबणीवर टाकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी *विकणाऱ्या* सभासदांनीही लक्ष द्यावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की आरटीओत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक. गाडी विकून वर्ष झालं, नाव तुमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाई तुमच्याकडं मागितली जाईल.

*कोणत्याही दारात गेलात तरी पुरावा लागतो*

फसवणूक झाली की रागानं किंवा लाजेनं लोक चॅट पुसून टाकतात. असं करू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, कॉलची यादी, पैसे दिल्याच्या पावत्या, पाठवलेले फोटो, बिल, सगळं दुसऱ्या फोनमध्येही ठेवा आणि एक प्रिंट काढा. समोरच्याला शिव्या देऊन ब्लॉक करण्याआधी त्याचा नंबर आणि प्रोफाइल टिपून घ्या.

*पैसे देण्याआधी एवढं बघा*

• गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय, चालवल्याशिवाय एक रुपयाही टोकन नाही.
• एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी, विमा आणि बोजा तपासा. पुस्तकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. चोरीची निघाली तर गाडी पोलीस नेतात आणि पैसे शोधत आपण फिरतो.
• बोजा असेल तर फायनान्सचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म २८.
• ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. तिचे कागद वेगळे मागा.
• जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून ते लागतं.
• पैसे पुस्तकावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. "भावाच्या खात्यात टाका" म्हणाला तर तिथंच थांबा.
• पैसे *घेण्यासाठी* पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. गाडी विकतानाही हे लक्षात ठेवा.

फसवणूक झाली तर घरात लपवून ठेवू नका. शिकलेली, नोकरदार माणसंही यात सापडतात. लपवण्यात जो वेळ जातो, त्याच वेळात पैसा पुढं सरकतो. ऑनलाइन तक्रार भरायला अडचण आली तर कागद आणि फोन घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, भरायला मदत करू. पण १९३० चा फोन मात्र तिथूनच, तेव्हाच लावा.

*१९३०* (पैशांची सायबर फसवणूक) आणि *१९१५* (ग्राहक तक्रार) हे दोन नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा आणि हा संदेश आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी